उभं पाल, बसकं पाल

माघ लागला की सांगलीच्या हवेला काकवीचा वास येतो. माझ्या खोलीपासून कॉलेजकडे जाणारा रस्ता काही अंतर उसाच्या रानांतून जातो. सकाळी निघालो की गुऱ्हाळाचा धूर जमिनीलगत अंथरल्यासारखा पडलेला असतो आणि पाचटावर दहिवर चमकत असतं. इंटरची परीक्षा तोंडावर आल्यामुळे मी चालतानाही पुस्तक उघडं धरतो. परवा मान वर झाली ती दोन पालांमुळे.

ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवली होती. शेजारी मेंढपाळांची दोन पालं उभी होती. एक माणसांचं, त्याच्या निम्म्यानं लहान दुसरं कोकरांचं. काळ्या घोंगड्यांची, समोरून त्रिकोणी, दोन्ही अगदी एकाच आकाराची. जणू मोठं पाल लांबून पाहिलं की तेच लहान दिसावं. मी रस्त्यात उभा राहिलो आणि मनात म्हणालो, समभुज. मग माझं मलाच हसू आलं. हा एक शब्द असा खात्रीनं म्हणता यावा म्हणून मला माघातला एक अख्खा आठवडा लागला होता.

मला लिहायची फारशी सवय नाही. माझ्याआधी आमच्या घरात कुणी पाटी धरलेली नाही, त्यामुळे असं काही लिहिताना कुणाची तरी परवानगी घ्यायची राहून गेली आहे असं वाटत राहतं. पण त्रिकोणांबद्दल मला जे कळलं ते नीट कळलं आहे. तेवढं मी न चाचरता सांगू शकतो.

आमचं गाव म्हसवडच्या पलीकडे, माणदेशात. दसरा झाला की आमची मेंढरं पश्चिमेला निघत आणि माघापर्यंत कराडच्या आसपास कृष्णेकाठी येऊन पोचत. बागायतदार आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. चार-पाच दिवस एका रानात, मग दुसऱ्या. लेंड्यांनी जमीन तयार होते आणि मेंढरांना उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खायला मिळतं. दर मुक्कामाला पाल उभं करायचं. ते काम मी चालायला लागल्यापासून पाहत आलो.

दोन काठ्या घ्यायच्या, शेंड्याला गाठ मारायची आणि पाय फाकवायचे. किती फाकवायचे, याचं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एक ठरलेलं माप होतं. तेवढ्याच लांबीची तिसरी काठी ते जमिनीवर आडवी ठेवत. तिच्या एका टोकाला एक पाय, दुसऱ्या टोकाला दुसरा. याला ते काठी निजवणं म्हणत. "काठी निजीव आन् मग पाय रोव," एवढंच सांगणं. कोकरांच्या पालाच्या काठ्या आखूड, पण तिथंही तिसरी आखूड काठी निजवायचीच. आजोबांनी असंच केलं, आबांनी असंच केलं. त्यामुळे माझ्या डोळ्यांना जगातलं कुठलंही पाल, लहान असो वा मोठं, एकाच आकाराचं दिसत होतं. पालाचा आणखी काही आकार असू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं.

साताऱ्याच्या हायस्कुलात भूमितीच्या मास्तरांनी पहिल्यांदा समद्विभुज त्रिकोण काढला तेव्हा मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. दोन बाजू सारख्या. म्हणजे पालच की. तिसऱ्या निजलेल्या काठीची आठवण मला झाली नाही. पाल उभं राहिल्यावर ती काठी काढून घेतात ना. दिसतात त्या दोनच.

मॅट्रिकच्या वर्षी शाळेची चाचणी परीक्षा झाली. तीत जो उतरेल त्याचाच फॉर्म शाळा पुढे पाठवत असे. भूमितीच्या पेपरात प्रश्न होता : सगळे समभुज त्रिकोण एकमेकांशी समरूप असतात का? सगळे समद्विभुज? सगळे काटकोन? कारणं द्या. समरूप म्हणजे आकार तोच, माप लहानमोठं. पहिल्याला मी हो लिहिलं. दुसऱ्यालाही हो लिहिलं, आणि कारण दिलं : दोन बाजू सारख्या असल्यामुळे त्या एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून आकार बदलत नाही. अगदी ठाम लिहिलं. खाली दोन आकृत्याही काढल्या, एक मोठी, एक लहान. मग त्याच जोरावर काटकोनालाही हो लिहून टाकलं.

मास्तरांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. ते फार हळू बोलत. कोट झटकून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा आणि मगच बोलायचं, अशी त्यांची रीत होती.

"तुला चार गुण कमी पडलेत. तुझा फॉर्म मला अडवावा लागेल," ते म्हणाले.

मी हातातली वही त्यांच्यापुढे ठेवली.

"तुझं उत्तर चूक आहे एवढं मी सांगतो. का चूक आहे, ते तू मला सांगायचंस. पुढच्या सोमवारी फळ्यावर. सांगितलंस तर हेडमास्तरांकडे मी स्वतः जाईन." मग त्यांनी माझी वही उघडली. "आणि एक बघ. वर्षभरात तू काढलेला प्रत्येक समद्विभुज त्रिकोण एकाच साच्यातला आहे. कोनमापक लावून पाहिलं मी. सगळे साठ अंशांच्या आसपास. असं का?"

माझा हात तसाच वळत होता.

मी राहत होतो त्या बोर्डिंगात रॉकेल मिळत नव्हतं, अभ्यास काय तो दिवसाउजेडी. मी रजा घेतली आणि आबांकडे निघालो. लढाईमुळे सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. पाठीमागे बंबासारखी भट्टी बसवलेली. चढ आला की उतारूंनी खाली उतरून चालायचं, मोटार वर पोचली की धावत जाऊन बसायचं. अंगावर कोळशाची काजळी घेऊन मी कराडला उतरलो आणि मलकापूरच्या रानात वाडा, म्हणजे आमच्या मेंढरांचा तळ, शोधून काढला.

रानाचे मालक बापूराव बांधावरच उभे होते. पहिल्या लढाईत पलटणीत होते ते. अजून बोलण्यात पलटण होती.

"काय रं गड्या, रजा हाय का डिसमिस केलं?"

"रजा हाय, आवं."

"कागद हाय का रजेचा?"

माझ्याकडे कागद नव्हता. ते हसले आणि गुऱ्हाळावरून काकवीचा गडवा आणून दिला. "घे. डिसमिस असलास तरी खायाला हरकत न्हाई."

आबा गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बसले होते. दोन वर्षं तो गुडघा त्यांना छळत होता. मागच्या पावसाळ्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "आजून एक साल मी वढतो. तेवढ्यात तुझं काय हुतंय ते बघ." पुढच्या दसऱ्याला मेंढरांमागं कुणी चालायचं हे त्या एका वाक्यात ठरलेलं होतं. फॉर्म अडला तर सगळं वर्ष जाणार, आणि दुसरं वर्ष मागायला मला तोंड नव्हतं.

"आबा, फॉर्म अडलाय," मी म्हणालो.

"अडलाय म्हंजी?"

"एक गणित चुकलं. सोमवारी परत इचारणार हाईत."

आबांनी पान सोडलं, गुडघा चोळला, पुन्हा पान बांधलं. "मग सोमवारपातूर काय करणार हैस?"

"तेच गणित."

"कर की मग. मेंढरांकडं मी हाय."

आज खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस मी एक वेडेपणा केला. माझं उत्तर का चूक आहे हे शोधायचं सोडून मी ते बरोबर आहे हेच सिद्ध करत बसलो. पाठीला पाल, समोर मोकळं रान, मांडीवर वही. मोठा त्रिकोण काढायचा, लहान काढायचा. दोन बाजूंचं प्रमाण सारखं, इथवर सुरळीत जायचं. मग पुस्तकातला सिद्धांत मध्ये यायचा : दोन बाजू प्रमाणात असल्या तरी त्यांच्यामधला कोन सारखा पाहिजे. मी माझ्या दोन आकृत्यांकडे पाहायचो. कोन तर सारखाच दिसत होता. दिसणारच, मीच तसा काढला होता. सारखा आहे हे डोळ्यांना कळत होतं, पण सारखा का आहे हे लिहायला गेलो की पेन्सिल थांबायची.

आई वाडं पसरून परत आली की माझ्या वहीत डोकावायची. तिला त्या आकृत्या ओळखीच्या वाटत.

"पालंच काढतुयास व्हय दिसभर? हितं तर उभी हाईत की. त्यास्नी बघ, कागद कशाला नासतूस?"

मी चिडून म्हणालो, "आये, ही पालं न्हाईत. हे त्रिकोण हाईत."

"बरं बाबा. तिरकोन तर तिरकोन. पर भाकरी खाऊन काढ."

त्या दिवसांतलं बाकी सारं मात्र गोड आठवतं. दुपारी गुऱ्हाळाचा चरक करकरायचा आणि कोकरं त्याला आपल्या आया समजून ओरडून उत्तर द्यायची. उन्हात घोंगडी तापली की लोकरीचा वास पालात भरून राहायचा. कृष्णेवरून वारा आला की त्यात ओल्या वाळूचा गारवा असायचा. मी परीक्षेच्या काळजीनं कोमेजायला हवं होतं, पण भूक मात्र सपाटून लागत होती.

शुक्रवारी दुपारी आभाळ भरून आलं. वारा असा सुटला की पाचट उडून मेंढरांभोवतीच्या कुंपणाच्या जाळीला भिंतीसारखं चिकटलं. मोठ्या पालाचं घोंगडं फडफडायला लागलं आणि शेंडा डुलू लागला.

"ऊठ रं," आबा ओरडले. "पाल बसीव."

"बसवायचं म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी? पाय फाकीव. बसकं कर. उभ्या पालाला वारा धरतो."

कळायला लागल्यापासून या महिन्यात मी नेहमी शाळेत असायचो, त्यामुळे असला वारा मला पालात कधी भेटला नव्हता. मी एका काठीचा पाय धरला, आबांनी दुसऱ्या काठीचा. त्यांचा गुडघा वाकत नव्हता म्हणून ते बसूनच ओढत होते. आम्ही पाय बाहेर खेचले तसा शेंडा खाली आला. निजलेली काठी ज्या खुणांपर्यंत पोचायची त्या खुणा कितीतरी आत राहिल्या. पाल जमिनीला बिलगल्यासारखं झालं. आबांनी पायांवर दगड ठेवले.

"आन् कोकरांचं?" मी विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे. ते आडोशाला हाय."

मी उठून उभा राहिलो, आणि दोन्ही पालं एका नजरेत आली.

लहान पाल होतं तसंच उभं होतं. मोठं शेजारी बसलं होतं. काठ्या त्याच होत्या, कुठं तासल्या नव्हत्या की जोडल्या नव्हत्या. मोठ्या पालाच्या दोन काठ्या सारख्या, लहानाच्या दोन सारख्या, आणि मोठी काठी लहानीच्या बरोबर दुप्पट. सकाळी होती तशीच आताही. तरी आता कुणी पोरानंही त्यांना एका आकाराची म्हटलं नसतं. दोन काठ्यांच्या मधला कोन आम्ही दोघांनी आत्ता हातानं उघडला होता. सकाळपर्यंत तो सारखा होता तो काठ्या सारख्या असल्यामुळे नव्हे. आबा तिसरी काठी निजवत होते म्हणून तो सारखा होता. मला वाटत होतं मी समद्विभुज त्रिकोणांत वाढलो, आणि मी वाढलो होतो समभुजांत.

"आत ये की," आबा म्हणाले. "वाऱ्यात हुबा ऱ्हाऊन काय बघतुयास?"

"गणित बघतुया," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. मी काठ्यांच्या दोन जोड्या घेऊन बांधावर बसलो, एक लांब, एक आखूड, आणि पाय उघडत-मिटत राहिलो. जितके उघडावे तितके नवे त्रिकोण. सगळे समद्विभुज, कुणाचा कुणाशी मेळ नाही. मग शेंड्यात पुस्तकाचा कोपरा बसेल इतके पाय उघडले, म्हणजे काटकोन. दोन्ही जोड्या तशा केल्या, आणि दोन्ही पुन्हा एकमेकींसारख्या झाल्या. शेंडा काटकोन ठरला की खालच्या दोघांनी उरलेलं सारखं वाटून घ्यायचं. अर्धा काटकोन ह्याला, अर्धा त्याला. त्यांना दुसरी वाटच नसते. आणि शेंड्यातून सरळ खाली तिसरी काठी सोडली तर पालाचे दोन काटकोन त्रिकोण होतात. उभ्या पालाचे वेगळे, बसक्याचे वेगळे. म्हणजे नुसता काटकोन असून भागत नाही.

आई कोकरं सोडायला आली. "ते पाल कोकरांसाठी हाय का परीक्षंसाठी?"

"परीक्षंसाठी."

"मग मोडू नगंस. कोकरांस्नी लागतं."

सोमवारी मी फळ्यापुढे उभा राहिलो. वर्ग रिकामा होता, मास्तर शेवटच्या बाकावर जाऊन बसले होते.

"सगळे समभुज?"

"समरूप, सर. तिन्ही कोन आधीच ठरलेले आहेत. विचारायचं काही उरत नाही."

"सगळे समद्विभुज?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, हे काय उत्तर झालं?"

"म्हणजे, सगळे नसतात. तुम्ही मला दोघांचेही शेंड्याचे कोन सांगा. सारखे असले तर समरूप."

"शेंड्याचाच का? कुठलाही एक कोन सारखा असला तर?"

मी खडू उचलला. फळ्यावर एक उभं पाल काढलं, शेजारी एक बसकं. उभ्याच्या शेंड्यात चाळीस लिहिलं, बसक्याच्या पायाशी चाळीस. मग बाकीचे कोन भरले. एकात सत्तर आणि सत्तर आले, दुसऱ्यात चाळीस आणि शंभर.

"नाही, सर. कुठला कोन ते कळायला हवं. नाहीतर फसगत होते."

मास्तर बाकावर थोडे पुढे सरकले. "काटकोन त्रिकोण?"

"उरलेल्यांतला एक कोन सांगा."

"समद्विभुज काटकोन?"

"सगळे समरूप. तिथंही विचारायचं काही उरत नाही."

"आणि ज्याच्या तिन्ही बाजू वेगळ्या?"

"दोन कोन सांगा. तिसरा आपला आपण ठरतो."

ते उठले, फळ्यापाशी आले आणि माझ्या बसक्या त्रिकोणाकडे पाहत राहिले. "हा तुझ्या वहीत कधी नव्हता. कुठून आला?"

मी त्यांना पालाचं सांगितलं. निजलेल्या काठीचं सांगितलं, शुक्रवारच्या वाऱ्याचं सांगितलं. एरवी शाळेत मी घरचं काही बोलत नसे.

"म्हणजे तुझ्या हाताचं काही चुकलं नव्हतं. त्याला एकच घर माहीत होतं, इतकंच," ते म्हणाले. मग कोट घालून हेडमास्तरांच्या खोलीकडे गेले, आणि परत आले ते फॉर्म घेऊन. "पालकांची निशाणी आणायची. परवापर्यंत."

आज इंटरच्या वर्गात माझ्याभोवती वकिलांची, मामलेदारांची मुलं आहेत. पहिल्या वर्षी मला वाटायचं, वय तेच, पुस्तकं तीच, बाक तोच, म्हणजे आपण सारखे. आणि तरी काही जुळेना, तेव्हा मी खट्टू व्हायचो. आता होत नाही. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की सगळं सारखं धरून चालायची घाई मी एकदा केलेली आहे. आता मी नवा माणूस भेटला की आणखी एखादी गोष्ट विचारतो. बहुतेक जण आनंदानं सांगतात. इंटरनंतर गणितच घ्यायचं, हेही मी असंच कुणाला न घाबरता ठरवलं आहे.

त्या माघात फॉर्म घेऊन मी मलकापुरात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वाडा एक रान पुढे सरकला होता. आबांनी कागदाकडे पाहिलं, बापूरावांच्या मुनिमाकडून आणलेल्या शाईत अंगठा बुडवला आणि मी दाखवलं तिथं तो टेकवला. टेकवून झाल्यावर अंगठा धोतराला पुसत म्हणाले, "मग? काय चुकलं हुतं?"

"उभं पाल आन् बसकं पाल, आबा. काठ्या त्याच असल्या तरी ती एकसारखी नसत्यात."

"एवढंच?"

"एवढंच."

"आरं, हे तर आपल्या मोत्यालाबी ठावं हाय. बसक्या पालात तो शिरत न्हाई." मोत्या म्हणजे आमचा कुत्रा. ते खूप वेळ हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली. "नसत्यात ते मला ठावं हाय. का नसत्यात, ते मातर मला कुनी सांगितलं न्हाई. तू सांग."

मी जमीन सारखी केली आणि काठीच्या टोकानं दोन त्रिकोण काढले. हा उभा, हा बसका. ह्या दोन बाजू, ह्या दोन बाजू. हा मधला कोन. आबा दुखरा गुडघा लांब करून खाली बसले आणि मी बोटानं दाखवीन तिकडे पाहत राहिले. एकदा त्यांनी विचारलं, "आन् काठी निजीवली तर?" मी म्हणालो, "मग काही इचारायचंच न्हाई. मग सारी पालं एक." त्यांनी मान हलवली. "म्हनून आजा निजवायचा," ते पुटपुटले.

तेवढ्यात मेंढरं परत आली. आम्ही बसलो होतो त्याच वाटेनं सारा कळप जाळीकडे वळत होता, धुरळा पुढे आणि मेंढरं मागे. आबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, माझ्या हातातली काठी घेतली आणि त्या दोन त्रिकोणांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "हुर्रर्र" करत त्यांनी काठी आडवी धरली. कळप त्यांच्यापाशी येऊन फुटला, अर्धा डावीकडून, अर्धा उजवीकडून गेला, आणि शेवटचं मेंढरू जाळीत जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.